काशीला जाऊन काय सोडलंत?

काशीला जाऊन आलेल्या माणसाला पूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जायचा. गंगेला पाणी किती होतं, विश्वेश्वराचं दर्शन नीट झालं का, पंड्यांनी किती लुबाडलं, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न, "काय सोडलंत?" काशी-गया केली की आपल्या आवडीचा एखादा पदार्थ, एखादं फळ किंवा एखादी भाजी जन्मभरासाठी सोडायची अशी आपल्याकडे चाल होती. काही घरांत ती अजूनही आहे. यात्रेचं पुण्य फुकट मिळत नाही. एका बाजूला काही जमा व्हायचं तर दुसऱ्या बाजूला काही नावे पडलंच पाहिजे, असा त्यामागचा हिशोब. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला ही चाल पटते. दुहेरी नोंदीची पद्धत म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पण माणूस हा चालीरीतींपेक्षा नेहमीच चार अंगुळं हुशार. आमच्या आत्याबाई काशीला जाऊन पडवळ सोडून आल्या. पडवळ त्यांना लहानपणापासूनच आवडत नव्हतं. फक्त तोपर्यंत तसं म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या यजमानांनी कारलं सोडलं. आमच्या वाड्यातल्या एका आजोबांनी तर सफरचंद सोडलं. त्या काळी सफरचंद फक्त आजारी माणसाला मिळायचं आणि आजोबा कधी आजारी पडत नसत. सांगायचा मुद्दा, काशीला जाऊन आंबा सोडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. सोडायचं खरं, पण ज्याच्यावाचून आपलं काही अडत नाही तेच सोडायचं, अशी तडजोड आपण देवाशीसुद्धा करून ठेवली आहे.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, आमचं सहकुटुंब युरोपला जायचं ठरलं आहे. सहकुटुंब म्हणजे मी, आमची ही, बारावी झालेले चिरंजीव, अकरा वर्षांची कन्या आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. पाचांपैकी एकानंही याआधी विमानात पाय ठेवलेला नाही. पॅरिस, ल्यूसर्न, फ्लॉरेन्स आणि रोम ही चार गावं. रात्री दहा. आणि 'काय काय बघायचं' या शीर्षकाखाली चिरंजीवांनी फोनवर केलेली यादी एकशे सत्तेचाळीस कलमांची.

परदेशच्या पहिल्या प्रवासाची आखणी ही बेरजेनं सुरू होते. जो तो तीत भर घालतो. घरचे घालतातच, पण ज्यांचा आपल्या प्रवासाशी काडीचा संबंध नाही तेही घालतात. या सगळ्या भर घालणाऱ्यांचं एकच वाक्य असतं, "तिथपर्यंत गेलाच आहात तर..." माझ्या मते प्रवासाच्या शास्त्रात याच्याइतकं घातक वाक्य दुसरं नाही. पॅरिसला गेलाच आहात तर ब्रुसेल्स काय, हाकेच्या अंतरावर. ल्यूसर्नला गेलाच आहात तर ऱ्हाईनचा धबधबा चुकवू नका. इटलीत जाताच आहात तर व्हेनिस न बघता परत येणं म्हणजे, आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या शब्दांत, "पंढरपुरात जाऊन विठोबा न बघण्यासारखं." हे सहकारी स्वतः व्हेनिसला गेलेले नाहीत. पंढरपूरलाही गेलेले नाहीत.

बँकवाल्यांच्या जगात या 'गेलाच आहात तर'ला न्यायालयीन इतिहास आहे. रजा प्रवास सवलत ही भारतातल्या भारतात फिरण्यासाठी असते. एका बँकेतले कर्मचारी दिल्लीहून मदुराईला गेले आणि मदुराईहून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर असं करत परत दिल्लीला आले. मदुराईला ते गेले होते याबद्दल वाद नव्हता. तिथपर्यंत गेलेच होते, तर! प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ साली न्यायालयानं सांगितलं की ही सवलत भारतातल्या प्रवासापुरती आणि जवळात जवळच्या मार्गापुरती आहे. सिंगापूर हा मदुराईहून दिल्लीला यायचा जवळचा मार्ग नव्हे. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बिनतोड आहे. पण भूगोलाचं हे पुस्तक आमच्या सल्लागारांपैकी कोणी वाचलेलं दिसत नाही.

बेरीज संपली की वजाबाकी सुरू होते. दहा रात्री म्हणजे अकरा दिवस, हा झाला 'ग्रॉस'. नोकरदाराला हा शब्द समजावून सांगायला नको. नेमणुकीच्या पत्रावर जो आकडा असतो तो पाहून पाहुणे मुलगी देतात, आणि हातात जे पडतं त्यावर ती मुलगी संसार करते. तसंच इथं. अकरांतून उतरायचा दिवस गेला, परत निघायचा दिवस गेला. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तीन दिवस गेले. कारण गाडी तीन-पाच तासांची असली तरी बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन शोधणं, नव्या गावातलं हॉटेल शोधणं आणि दुपारी खोली मिळेपर्यंत बॅगांवर बसून राहणं हेही प्रवासातच मोडतं. हातात पडले सहा दिवस. कलमं एकशे सत्तेचाळीस.

त्या सहा दिवसांनाही साप्ताहिक सुट्ट्या आहेत. लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद. फ्लॉरेन्सची मोठी चित्रशाळा सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'अखेरचं भोजन' हे भिंतीवरचं चित्र सोमवारी बंद, आणि इतर दिवशी ते बघायला एका तुकडीला मिळतात १५ मिनिटं, तीही आधी नाव नोंदवलं असेल तर. चौथ्या शनिवारी बँक बंद असते म्हणून आमच्या काउंटरवर येऊन जी मंडळी वाद घालतात, त्यांना मी एकदा युरोपला पाठवणार आहे.

त्यात व्हिसा. तुम्ही कुठं कुठं झोपणार हे आधी ठरवा, तिथल्या खोल्यांची आरक्षणं दाखवा, मग तुम्हाला येऊ द्यायचं की नाही ते आम्ही बघू, असा तो मामला आहे. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्याच्याकडे अर्ज करायचा. आमच्या पाच रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतो. आजारपणात किंवा काही बरंवाईट झालंच तर मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असतो. हे कलम मी घरात मोठ्यानं वाचायला नको होतं असं हिचं मत पडलं. आई मात्र म्हणाली, "म्हणजे कसंही झालं तरी परत आणतात ना? मग झालं तर."

एकूण काय, एकशे सत्तेचाळीसमधली फार तर पंधरा कलमं पदरात पडणार होती. म्हणजे परदेश प्रवासाची आखणी ही काय बघायचं याची आखणी नसतेच. काय बघायचं नाही, याची ती आखणी असते. आणि इथंच गंमत संपून नीतिशास्त्र सुरू होतं. काय सोडायचं, हा एक प्रश्न. कुणी सोडायचं, हा त्याहून अवघड.

पहिल्या प्रश्नाचं सोपं उत्तर असं की प्रसिद्ध ते ठेवावं आणि बाकीचं सोडावं. त्यासाठी तारे असतात. हल्ली जगातल्या प्रत्येक वस्तूला अनोळखी लोकांनी तारे दिलेले आहेत. चार पूर्णांक सात तारे मिळालेला पूल, चार पूर्णांक तीनचं चर्च. चिरंजीवांनी यादी ताऱ्यांच्या उतरत्या भाजणीनं लावूनही दिली. पण या ताऱ्यांचं काय होतं ते लुव्रमध्येच बघायला मिळतं. तिथं मोनालिसाचं चित्र आहे, उंची ७७ सेंटीमीटर, रुंदी ५३. आमच्या देव्हाऱ्यामागच्या दत्ताच्या तसबिरीएवढं. ते बघायला जगभरचे लोक रांगा लावून, हात उंच करून उभे असतात. त्याच दालनात तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनीजनं रंगवलेलं काना गावच्या लग्नाच्या जेवणाचं चित्र आहे. ते लुव्रमधलं सर्वांत मोठं चित्र. जवळजवळ पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. चौरस फुटांत सांगायचं तर सातशेच्या वर. म्हणजे आमचा सबंध ब्लॉक, बाल्कनीसकट. भरलेली पंगत आहे, वाढपी आहेत, वाजंत्री आहेत, कुत्री आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात शोभेल असं लग्न आहे. आणि दालनातल्या बहुतेक सगळ्या माणसांची पाठ त्या लग्नाकडे! एवढा मोठा मांडव रिकामा, कारण यादीत नाव समोरच्या बाईंचं आहे.

मला यात त्या लोकांना हसायचं नाही. आम्हीही त्याच रांगेत हात उंच करून उभे राहणार आहोत. पण 'पाहिलं' हे क्रियापद आपण किती सैल वापरतो ते ध्यानात येतं. आम्ही शाखेत व्हाउचर तपासतो तेव्हा प्रत्येकावर हिरव्या शाईची खूण करतो. दिवसाला पाचशे खुणा केलेला माणूस पाचशे व्हाउचरं 'पाहिली' असं छातीठोकपणे म्हणतो, आणि त्यातल्या एकावर काय लिहिलं होतं ते त्याला सांगता येत नाही. पुष्कळसं पर्यटन या हिरव्या शाईचं असतं. दहा दिवसांत सात देश करून आलेल्या एका शेजाऱ्यांना मी विचारलं, काय आवडलं? ते म्हणाले, "बस फार चांगली होती."

तेव्हा ताऱ्यांवर विसंबण्यात अर्थ नव्हता. ज्याला जे पाहावंसं वाटतं ते त्यानं पाहावं, हेच खरं. पण मग दुसरा प्रश्न येतो. दिवस सहा, माणसं पाच. वाटणी कशी करायची?

समान वाटणी करावी, तर प्रत्येकाला एक दिवस आणि पाच तासांच्या आसपास काहीतरी मिळतं. कन्येनं लगेच तिचे पाच तास कुठले ते विचारलं. मतदान घ्यावं, तर दोन्ही मुलं एका बाजूला असतात आणि आजी कायम नातवंडांच्या बाजूनं मत टाकते. म्हणजे लोकशाहीच्या मार्गानं आम्ही सहाही दिवस डिस्नेलँडमध्ये काढले असते. पैसे भरणाऱ्यानं ठरवावं, हे तत्त्व मी चाचरत मांडून पाहिलं. त्यावर हिनं, गेली सतरा वर्षं घरखर्चातून दरमहा बाजूला पडलेल्या रकमेचं एक पासबुक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. या तत्त्वावर पुढे चर्चा झाली नाही.

मग चिरंजीवांनी एक तत्त्व मांडलं. वय सतरा असलं तरी तत्त्व मोठ्या माणसाचं होतं. तो म्हणाला, "ज्याला पुन्हा यायची संधी सगळ्यांत कमी, त्याचं आधी. मी काय, शिकायला जाईन, नोकरीला जाईन, कधीतरी येणारच. मिलानचं फुटबॉलचं मैदान मी सोडतो. आजीचं आधी."

ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत असंच हे बोलणं होतं. पण बँकेतल्या माणसाचे डोळे भरून यायच्या आधी त्यांना तारीख दिसते. पुढं कधीतरी येईन, हा पुढच्या तारखेचा चेक आहे. तो आयुष्याच्या नावावर काढलेला आहे, आणि त्या खात्यात शिल्लक किती हे कुणालाच कळवण्यात येत नाही. तरी मी गप्प बसलो. सतरा वर्षांच्या मुलाचा चेक वटणार असं धरून चालण्यावरच जग चाललं आहे.

बोलली ती कन्या. "दादा पुन्हा जाईल तेव्हा त्याला मैदान तेवढंच आवडेल. पण मी दादाएवढी झाल्यावर डिस्नेलँडला गेले, तर मला ती माणसं मुखवटे घातलेली दिसतील. आत्ता नाही दिसणार. म्हणजे मलाही पुन्हा संधी नाही. आजीसारखीच."

या युक्तिवादाला उत्तर नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुढचा प्रवास मिळेल की नाही याची शंका असते. अकराव्या वर्षी पुढचा प्रवास मिळतो, पण तो करणारी मुलगी दुसरीच असते. शेवटची संधी ही केवळ म्हाताऱ्या माणसांची मिरास नाही. दोन्ही टोकांना घाई आहे. थांबायला जागा आहे ती मधल्यांना, म्हणजे आम्हा दोघांना. आणि तशीही, हप्ते फेडणाऱ्या वयाला निसर्गानं बहुधा थांबण्यासाठीच नेमलेलं असावं. पॅरिसच्या दोन दिवसांपैकी एक डिस्नेलँडला गेला.

राहिली आई. तिला विचारलं, "तुला काय बघायचंय?" तिनं तेच उत्तर दिलं जे तिच्या पिढीतल्या बायका लग्न झाल्या दिवसापासून देत आल्या आहेत, "माझं काय? तुम्ही न्याल तिकडे."

आमच्याकडे या उत्तराला शब्द आहे. ज्या खात्यात दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी मागणी केली नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाऊन पडते. २०१४ सालापासून हा निधी आहे आणि त्यात देशभरातल्या विसराळू, परगावी गेलेल्या आणि वारलेल्या माणसांचे पैसे आहेत. घराघरांतल्या बायकांच्या इच्छांचा असा निधी काढला, तर रिझर्व्ह बँकेला नवी इमारत बांधावी लागेल. वर आपण त्याला त्याग म्हणतो. त्याग करणाऱ्याच्या पुण्याचं आपण कौतुक करतो. तो मुकाट्यानं घेणाऱ्याच्या खात्यात काय पडतं, ते कोणी बघत नाही. सोडण्याला अर्थ असतो तो हातात असलेली वस्तू सोडण्यात. जिला कधी विचारलंच नाही तिनं काही सोडलं असं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं पुण्य देण्यासारखं आहे.

पण त्या निधीची एक चांगली गोष्ट आहे. मागणी केली तर दहा वर्षांनंतरही पैसे परत मिळतात. खातेदारानं यायला मात्र हवं. म्हणून आम्ही आईला रोज विचारत राहिलो. चौथ्या दिवशी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "तो कललेला मनोरा वाटेत लागतो का रे?"

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. चौथीच्या वर्गाला ती गॅलिलिओची गोष्ट सांगायची. पिसाच्या मनोऱ्यावरून त्यानं एक जड आणि एक हलका गोळा एकदम सोडला, आणि दोन्ही एकदम खाली पडले. गोष्ट सांगून झाली की ती खुर्चीवर उभी राहायची, एका हातात शाळेच्या दाराचं कुलूप आणि दुसऱ्या हातात त्याची किल्ली घ्यायची, आणि दोन्ही एकदम सोडायची. दरवर्षी एक तरी पोरगं म्हणायचं, "बाई, पुन्हा." तिनं मनोरा पाहिला होता तो पुस्तकातल्या अंगठ्याएवढ्या चित्रात. पुस्तकाची छपाई वाकडी आली असावी असं तिला पहिली दोन वर्षं वाटायचं.

आता पिसा. सगळे जाणकार पिसा गाळा म्हणतात. एक फोटो काढण्यापुरतं गाव आहे, मनोऱ्याला हातानं टेकू दिल्याचा फोटो काढायचा आणि पळायचं. मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं, थांबत थांबत दोनशे वर्षं चाललं, आणि पहिले काही मजले झाल्यापासूनच तो कलू लागला. (आपल्याकडच्या काही बांधकामांची आठवण व्हावी, पण ती आठशे वर्षं उभी राहिलेली नाहीत.) १९९० साली तो धोक्याचा म्हणून बंद केला, खालची माती हलक्या हातानं काढून थोडा सावरला, आणि २००१ साली पुन्हा उघडला. पूर्ण सरळ केला नाही. सरळ मनोरा बघायला कोण येणार?

चिरंजीव आजीला म्हणाले, "पण आजी, तो प्रयोग तिथं झाल्याचा पुरावा नाहीये. गॅलिलिओच्या एका शिष्यानं मागाहून लिहिलेली गोष्ट आहे ती. खरंच कुणी केला असेल तर १९७१ साली चंद्रावर केलाय, अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटनं. हातोडी आणि पीस."

"असेल की," आई म्हणाली. "पण चंद्र वाटेत नाही ना? पिसा फ्लॉरेन्सहून तासाभरावर आहे म्हणे. आणि हे बघ, तीस वर्षं पोरांना सांगितलंय मी. टाकले नसतील तर नसतील. पण टाकले असते तर कुठून, तेवढं तरी बघून यावं."

इतकी वर्षं मी 'प्रेक्षणीय' या शब्दाचा अर्थ शोधत होतो, तो मला या वाक्यात सापडला. प्रेक्षणीयपणा हा दगडमातीत नसतो आणि ताऱ्यांत तर नसतोच. बघणाऱ्याच्या आयुष्याचा एखादा धागा त्या जागेला आधीच बांधलेला असावा लागतो. आपण फक्त तो धरत धरत तिथपर्यंत जायचं.

आता अडचण अशी होती की माझाही एक धागा होता. फ्लॉरेन्सहून दक्षिणेला सिएना नावाचं गाव आहे. तिथं १४७२ साली स्थापन झालेली बँक आहे, मॉन्ते देई पास्की. आज चालू असलेल्या बँकांत जगातली सर्वांत जुनी. कोलंबस अमेरिकेला निघाला त्याच्या वीस वर्षं आधी तिथला कारकून टेबलावर बसून "उद्या या" म्हणत असणार. २०१७ साली तिला सावरायला इटलीच्या सरकारला पैसे घालावे लागले. म्हणजे साडेपाचशे वर्षांच्या अनुभवानंही धंदा पूर्ण कळतोच असं नाही. शिवाय ज्या देशात १४९४ साली लुका पाचोलीनं आपल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत छापून सांगितली, ज्याचं नाव मी बी. कॉम.ला दोन गुणांसाठी पाठ केलं, त्या देशात जाऊन वाणिज्य पदवीधरानं एका बँकेला बाहेरून तरी नमस्कार करू नये? फ्लॉरेन्सच्या वाट्याला पूर्ण दिवस एकच होता. पिसा एका दिशेला, सिएना दुसऱ्या.

मी सिएना सोडलं. यात काही थोर केलं असं समजू नये, कारण घरात त्याची दखलच घेतली गेली नाही. ही म्हणाली, "रोज बँकेत जाता, तिथं जाऊन पुन्हा बँकच?" शाखेतले सहकारी म्हणाले, "सुटलास!" म्हणजे मी पडवळ सोडलं असंच सर्वांचं मत पडलं. ते पडवळ नव्हतं, आंबा होता, हे माझं मला ठाऊक आहे. सोडलेल्या वस्तूची गोडी बाहेरच्याला कळत नाही, हा या चालीतला खरा पेच आहे. म्हणून दुसऱ्यानं काय सोडलं यावर बोलू नये, हे उत्तम. कदाचित आत्याबाईंनाही पडवळ आवडत असेल.

हिचं मागणं सर्वांत लहान होतं. ल्यूसर्नला सरोवराच्या काठी बाक आहेत. "मला एक सकाळ त्यातल्या एका बाकावर बसायचंय. एकटीला. दुसऱ्यानं केलेली कॉफी प्यायची. आणि 'माझा टॉवेल कुठाय' असं कुणी विचारायचं नाही." त्यासाठी तिनं टिटलिसचा बर्फाचा डोंगर सोडला, आम्ही चौघं जाऊन येणार. बर्फाचं तिला काही वाटत नाही, आमचा जुना फ्रिज दर महिन्याला तीच मोकळा करते. मी तर म्हणतो, एकशे सत्तेचाळीस कलमांत त्या बाकाएवढं दुर्मीळ ठिकाण नाही. त्याला किती तारे आहेत ते मात्र कुठंच सापडत नाही.

एक काळजी मी आणखी घेतली आहे. रोमचा शेवटचा अर्धा दिवस कोरा ठेवला आहे. चिरंजीवांना तो रिकामा चौकोन बघवत नाही. पण त्याला पूर्वज आहेत. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले. सापडले ते बंडाच्या धामधुमीत, आणि झाशी पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. यज्ञाच्या दक्षिणेसाठी त्यांचं 'माझा प्रवास' आज कोणी वाचत नाही. ठरवलं नव्हतं ते दिसलं, म्हणून वाचतात. आणि एवढं सगळं होऊन हा माणूस परत आला तो आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. प्रवास एकानं करायचा आणि पुण्य दुसऱ्याला आणायचं, हे आपल्याकडे तेव्हा अगदी साधं समजलं जाई.

आता आमच्या वहीत 'बघायचं' या रकान्याशेजारी मी 'सोडलेलं' असा दुसरा रकाना आखला आहे. चिरंजीव, मिलानचं मैदान. ही, बर्फाचा डोंगर. मी, सिएना. आईनं काय सोडलं ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही. तिच्या नावावर मागची बाकी पुष्कळ आहे. कन्येच्या नावापुढे बरेच दिवस काही नव्हतं. परवा तिनं स्वतःच पेन घेऊन लिहिलं, "विमानाची खिडकी. जातानाची." जाताना आजी खिडकीशी बसणार. येतानाची खिडकी तिनं सोडलेली नाही, आणि तसं तिनं कंसात लिहून ठेवलं आहे. आयुष्यातल्या पहिल्या विमानाची खिडकी अकराव्या वर्षी सोडणं म्हणजे काय, हे ज्यानं एस. टी.च्या खिडकीसाठी रुमाल टाकला आहे त्याला सांगायला नको. सगळ्या यादीत निर्विवाद आंबा म्हणावा असा तो एकच.

दोन्ही रकान्यांची बेरीज जुळत नाही. शाखेत दहा रुपयांचा फरक निघाला तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसून तो शोधतो. या वहीतला फरक मी शोधलेला नाही. आई सध्या बॅगेला नवं कुलूप घ्या म्हणून मागे लागली आहे. किल्ली मात्र, ती म्हणते, तिच्याजवळच राहील.